गाळाची बाजू

नांदूर मध्यमेश्वरचं धरण गाळानं भरलंय, तो गाळ मुळापासून उपसला पाहिजे आणि पक्ष्यांचं नाव पुढे करून जो त्याला आडवा येतो त्याला चांदोरी-सायखेड्याच्या माणसांची पर्वा नाही, असं मी वर्षानुवर्षं बोलत आलो. ग्रामसभेत बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, एकदा तर दशक्रियेला जमलेल्या माणसांत बोललो. गावाच्या निवेदनांचे मसुदेही मीच लिहून दिले. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ज्यांच्यासमोर इतकं ठासून बोललो, त्यांना हे सांगायचं देणं माझ्यावर आहे.

आमचं घर चांदोरीचं. गोदाकाठ. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आमच्याकडे फोन सुरू होतात, कारण काही तासांत तेच पाणी आमच्या गल्लीत येणार असतं. २००८ च्या सप्टेंबरात आलं, २०१६ च्या ऑगस्टात आलं, २०१९ च्या ऑगस्टात आलं. २०१९ ला थोरल्या भावाच्या घरात भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली, ती रंग देऊनही पुसट दिसते. कणगीतला गहू फुगून त्याला वास सुटला होता. वहिनींनी तो स्वतःच्या हातानं उकिरड्यावर नेऊन टाकला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला खाली पंधरा-वीस किलोमीटरवरचं गाळानं भरलेलं धरण दिसतं, तेव्हा त्याला दुसरं काही सुचत नाही. त्यात मी पाटबंधाऱ्याचा माणूस. नोकरी सगळी कालव्यांवर आणि धरणांवर गेली. पाणी म्हणजे दलघफू, दशलक्ष घनफूट, आणि गाळ म्हणजे त्यातून झालेली वजाबाकी, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि वजाबाकी मोठी आहे. नाशिकजवळचं गंगापूर धरण ५,६३० दशलक्ष घनफुटांचं. नांदूर मध्यमेश्वरचा साठा रोजच्या तक्त्यात २५७ असा लिहिला जातो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा घातला, तो दुष्काळी मुलखाला पाणी द्यायला. वर दारणा धरण झालं १९१६ ला. दारणेचं पाणी नदीतून खाली यायचं आणि इथून उजव्या-डाव्या कालव्यांत वळायचं. कोपरगावचा ऊस, राहात्याचे पेरू, हे सगळं त्या कालव्यांवर उभं राहिलं. म्हणजे मूळ काम पाणी वळवायचं. पण शंभरावर पावसाळ्यांत दोन्ही नद्यांनी माती आणून टाकली, मध्ये बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि बाभळी आल्या, उथळ दलदल पसरली. त्या दलदलीवर पक्षी उतरले. १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं. डॉ. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सगळे सांगतात. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव लागलं ते याचं. त्या दिवशी आमच्या गावात कुणी पेढे वाटले नाहीत. आदल्या पावसाळ्याचा चिखल अजून कोपऱ्याकोपऱ्यांत होता. मी भावाला म्हणालो, ‘आता तर संपलंच. आता इथला एक घमेलं गाळ कुणी उचलू देणार नाही.’

माझं हे मत आणखी घट्ट झालं ते चीनमध्ये जाऊन आल्यावर.

पॉलिटेक्निकला असताना माझ्या खोलीवर राहिलेला मित्र कारखान्याच्या कामानं तीन वर्षं हांगझोऊला होता. २०२३ च्या आशियाई स्पर्धांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. अविनाश साबळे, ओजस देवतळे, अदिती स्वामी यांनी तिथे सुवर्णपदकं घेतली. मी गेलो त्याआधी, २०१८ च्या एप्रिलात. मित्र आणि त्याची बायको, तिलाही मी वहिनीच म्हणतो, या दोघांनी आठ दिवस अक्षरशः माहेरपण केलं. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, संध्याकाळी तळ्याकाठी. तळ्याचं नाव शीहू, म्हणजे पश्चिमेचं तळं. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला शहर. क्षेत्र साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास, खोली सरासरी दोन-सव्वादोन मीटर, पण पाणी असं की डोंगराची कड त्यात जशीच्या तशी उतरते. २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. काठावर विलोची झाडं पाण्यापर्यंत वाकलेली. पहाटे म्हातारी माणसं हळूहळू हात फिरवत व्यायाम करायची. एक आजोबा लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होते. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत पहिली ओळ वाळून गेलेली असायची. वहिनी रोज त्यांच्यापाशी थांबायच्या. मी थांबत नव्हतो, मला पुढचा बांध बघायचा होता.

तो बांध बघून मी भारावलो, हे खरं. हे तळं मुळात समुद्राच्या खाडीचा गाळानं तुटलेला तुकडा. ते पुन्हा पुन्हा भरत आलं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते उपसलं. नवव्या शतकात बाई जू-यी हा थोर कवी तिथला अधिकारी होता. त्यानं बांध उंच केला आणि तळ्याची पातळी किती उतरवली म्हणजे किती शेती भिजते याचा हिशेब, मागून येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी दगडावर कोरून ठेवला. आमच्या खात्यातलं आवर्तनाचं पत्रक आणि हे यांत काडीचा फरक नाही. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी सू तुंग-पो आला, तोही कवी. तळं अर्धंअधिक गवतानं आणि गाळानं गिळलेलं होतं. १०९० च्या सुमारास त्यानं ते साफ केलं आणि निघालेल्या गाळाचाच पावणेतीन किलोमीटरचा रस्ता तळ्याच्या मधून नेला. सहा पूल, दोन्ही कडांना झाडं. काठाच्या पाण्यात लोकांना शिंगाडे लावू दिले, कारण शिंगाडा लावणारा माणूस आपला तुकडा गवतापासून आपणहून साफ ठेवतो. मध्यभागी मात्र कुणी शिंगाडे लावू नयेत म्हणून खुणेचे दगडी मनोरे उभे केले. तसे तीन मनोरे आज तिथे आहेत, आणि एक युआनच्या नोटेमागे त्यांचंच चित्र छापलेलं आहे.

मी तो रस्ता पावलांनी मोजला. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, थोडं बसा ना.’ बाकावर बसलो, पण हातात वही. मित्र हिरवा चहा घेऊन आला. तिथल्या डोंगरातला लुंगजिंग, एप्रिलच्या सुरुवातीची नवी पानं. तो चहा मी प्यालो एवढं आठवतं, चव आठवत नाही. डोक्यात भाषण तयार होत होतं. परत आल्यावर ते भाषण मी पुष्कळ ठिकाणी केलं: हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या एका कवीला जे जमलं ते आपल्याला पोकलेन आणि डंपर असून जमत नाही. ऐकणाऱ्यांना पटायचं. आपल्याकडे २०१७ पासून गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार ही योजना होतीच. माझ्या बोलण्याला तिचा आधार मिळायचा. गाळ शेतात टाका, धरण मोकळं करा, पूर टळेल, पक्षी दुसरीकडे जातील. पक्ष्यांना पंख असतात, आमच्या घरांना नाहीत, हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्या पडायच्या.

मित्र-वहिनी २०२० ला नाशकात परत आले, कॉलेज रोडला घर घेतलं. दर भेटीत वहिनी म्हणायच्या, ‘आम्ही तुम्हाला आमचं तळं दाखवलं, आता तुमचं दाखवा.’ मी म्हणायचो, ‘आमच्याकडे कुठलं तळं? धरणंच आहेत सगळी.’ शेवटी २०२४ च्या जानेवारीत मित्रानंच ठरवलं. खाणगाव थडीच्या बाजूला आमच्या दोघांच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या मळ्यातल्या घरी तीन रात्री राहायचं. मी नाही म्हणालो. अभयारण्यात पाहुणा म्हणून जाणं मला गावाशी दगाबाजी वाटत होती, हे कारण मी कुणाला सांगितलं नाही; गुडघे दुखतात असं सांगितलं. मित्रानं गाडीच दारात आणून उभी केली.

निफाडची जानेवारीतली थंडी ठाऊक असेल त्यालाच पहिल्या पहाटेची कल्पना येईल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचं तापमान दर हिवाळ्यात पेपरात का येतं, ते अंथरुणातून बाहेर आल्यावर कळतं. आबांनी द्राक्षबागेत ओळींच्या मध्ये शेकोट्या पेटवल्या होत्या आणि ठिबक चालू केलं होतं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. धूर जमिनीलगत साचलेला, त्यातून पलीकडे पाणी असल्याचा फक्त आवाज. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धरणावर इतकी वर्षं काढलेला माणूस मी, मला सांडव्याचा आवाज ठाऊक, दरवाज्याचा करकराट ठाऊक, कालव्याची खळखळ ठाऊक. हा हजारो जिवांचा एकत्र कुजबुजाट होता. मधूनच शीळ. आबा म्हणाले, ‘अडई आहेत. रात्रभर चालतं त्यांचं.’

उजाडताना आम्ही काठावर गेलो. गाईड म्हणून गावातलाच एक पोरगा आला, वय विशीचं. त्यानं दुर्बीण तिकाटण्यावर लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काका, तुम्ही चांदोरीचे ना? तुमचं भाषण ऐकलंय मी सायखेड्याला.’ मला काय बोलावं कळेना. त्यानं बाकी काही म्हटलं नाही, दुर्बीण माझ्याकडे वळवली.

समोर वारकरी होते. खरंच वारकरी, पक्ष्याचं नावच ते: अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा. शेकड्यांनी. त्यांच्यामध्ये थापट्या बदकं, चपट्या चोचीनं पाण्याचा वरचा थर गाळत चाललेली. तलवार बदकं डोकं खाली, शेपटी वर करून तळाचा चिखल चाचपत होती. त्यांच्या मानेच्या लांबीएवढं पाणी होतं तिथे, तेवढंच. काठाच्या चिखलात शेकाट्या लांब लाल पायांवर. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात चोच उघडी ठेवून उभे. मग दलदली भोवत्या कणसांवरून सरकत आला आणि अर्धं पाणी एकदम आकाशात गेलं. वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि तशाच उभ्या राहिल्या.

पोरगा सांगत होता, ‘काका, गंगापूर धरणावर एवढे नाही दिसायचे. तिथं काठाजवळच खोल होतं. बदकाची मान पुरली पाहिजे ना तळाला.’ मला हे वाक्य लागलं. मी आजवर खोली मोजली ती माणसाच्या बाजूनं. एखाद्या पाण्याला किती उथळ असायला हवं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे चार बोटं, तिथे वीतभर, पलीकडे कमरेएवढं आणि मध्ये प्रवाहाला खोल. एवढ्या प्रकारची खोली एकाच ठिकाणी आहे, म्हणून एवढ्या प्रकारचे पाय आणि एवढ्या प्रकारच्या चोची. आणि ही सगळी रचना गाळानं केलेली. रामसरच्या नोंदीत पक्ष्यांच्या २६५ जाती आहेत. आकडा मी पूर्वी वाचला होता आणि निवेदनातून गाळला होता.

दुसऱ्या दिवशी मी काहीच केलं नाही. हे लिहिताना अजून नवल वाटतं. सकाळी आबांच्या घरच्यांनी हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मग मित्र आणि मी बाभळीखाली बाजेवर बसलो ते उन्हं उतरेपर्यंत. वही गाडीतच राहिली. मित्र हांगझोऊच्या एकटेपणाबद्दल बोलला. पहिल्या हिवाळ्यात भाषा येत नव्हती, तेव्हा तो रोज संध्याकाळी त्या तळ्याकाठी जाऊन बसायचा, पाण्याकडे बघत, तेवढ्यावर दिवस निघायचा. हे त्यानं मला तिथे असताना सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे, आणि मी त्याला विचारलं होतं की गाळ काढायला ड्रेजर कुठल्या बनावटीचा वापरतात. त्यानं हे रागानं सांगितलं नाही. मी त्याची क्षमा मागितली. पॉलिटेक्निकपासूनची मैत्री, पण क्षमा मागायची वेळ बहुधा पहिलीच.

दुपारी चारच्या सुमाराला हरभऱ्याच्या शेताच्या कडेला बारा-पंधरा मोठे पक्षी उतरले. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकादंब. पोरगा धावत आला. हा पक्षी उन्हाळ्यात तिबेट, मंगोलिया, चीनमधल्या चिंघाई सरोवराच्या मुलखात वीण करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून शास्त्रज्ञांनी याची उडण्याची उंची मोजली, ती सात हजार मीटरच्या वर भरली. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं की विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट धरतं. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब महाराष्ट्रातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. मित्र हळूच म्हणाला, ‘तू विमानानं माझ्याकडे आलास. हे पंखांवर तुझ्याकडे येतात.’

पक्ष्यांना पंख असतात, दुसरीकडे जातील, असं मी म्हणायचो. एवढा डोंगर ओलांडून आल्यावर दुसरीकडे म्हणजे कुठे? आबांना विचारलं, ‘हरभरा खातात का हो?’ आबा म्हणाले, ‘खातात. गहूपण खातात. थोडं जातं. दोन-तीन महिन्यांचं पाहुणं आहे.’ ज्याचं पीक जातं तो माणूस हे म्हणत होता. पण म्हणून सगळ्यांनीच तसं म्हणावं असा माझा आग्रह नाही. अभयारण्याच्या हद्दीतल्या शेतकऱ्याला विहिरीपासून रस्त्यापर्यंत परवानग्यांचा जाच होतो, ती तक्रार खरी आहे आणि तिची दाद लागली पाहिजे.

त्या रात्री झोप आली नाही. पक्षी सुंदर आहेत म्हणून भावाचं घर बुडू द्यायचं का? माझ्या मनातला खरा अडसर हा होता, आणि तो सौंदर्यानं हलणार नव्हता. तेव्हा मी कंदिलाएवढ्या दिव्याखाली, द्राक्षाच्या पेटीतला कागद घेऊन, एक गणित मांडलं. नोकरीत असताना अशी हजार गणितं केली असतील. हे एक केलं नव्हतं, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं.

पुरात गोदावरीला लाखाच्या वर क्युसेक पाणी येतं. हिशेबाला एक लाखच धरू. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. धरणाचा साठा २५७ दशलक्ष घनफूट. भागाकार केला तर २,५७० सेकंद, म्हणजे त्रेचाळीस मिनिटं. धरण पूर्ण रिकामं असलं तरी एवढा पूर त्याला त्रेचाळीस मिनिटांत भरून टाकतो. समजा मी म्हणतो तसा सगळा गाळ काढला आणि साठा चौपट झाला. तरी तीन तासांच्या आत भरणार. आणि हे झालं रिकाम्या धरणाचं. ऑगस्टात ते रिकामं असतंच कुठे? कालव्यांसाठी पातळी राखलेली असते. पूर येतो तो भरलेल्या धरणावर. भिंतीच्या माथ्याखाली किती खोल खड्डा आहे याच्याशी पुराला देणंघेणं नाही. पाणी माथ्यावरून आणि दरवाज्यांतून किती वेगानं पुढे जातं, एवढंच तो बघतो.

मग चांदोरीत फुगवटा चढतो तो कशानं? कागदाच्या दुसऱ्या बाजूला मी ते लिहिलं. गावांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली पहिल्या पुरात वाहत येतात आणि पुलाच्या खांबांत अडकून पुलाचाच बांध करतात. नदीच्या पात्रात झालेली भर. प्रवाहाच्या ऐन रेषेत उगवलेल्या बाभळी. वरून एकाच वेळी सोडलेलं गंगापूरचं, दारणेचं, कादवेचं पाणी, आणि खालचे दरवाजे उघडायच्या वेळेचा मेळ. यातल्या कशालाही सगळी दलदल खणायची गरज नाही. प्रवाहाची रेषा मोकळी हवी, ती आजही हवी असं मी म्हणतो; त्या रेषेतला गाळ आणि झाडं काढण्याच्या बाजूनं मी आहे. पण काठाकडची चार बोटं आणि वीतभर पाण्याची ती शेकडो एकरं खणून माझ्या भावाच्या भिंतीवरची रेघ एक इंचानंही खाली येत नाही.

सू तुंग-पोचं उदाहरणही मी चुकीचं वापरलं होतं. त्याच्या तळ्यातून मोठी नदी वाहत नव्हती. एकदा उपसलं की काही पिढ्या निभावत होतं. इथे दोन नद्या दर पावसाळ्यात नवी माती आणतात. उपसलेलं भरायला त्यांना किती वर्षं लागतील हे कालव्यावरचा पाटकरीसुद्धा सांगेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानं गाळ तळ्याबाहेर हाकलला नव्हता. त्याला तळ्यातच जागा दिली, त्यावर झाडं लावली. त्याच रस्त्यावर मी पावलं मोजत फिरलो आणि पायाखाली काय आहे ते मला दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी संगमाकडे गेलो, मध्यमेश्वराच्या देवळाशी. बंधाऱ्याच्या दगडी कामावर हात ठेवला. शंभरावर पूर अंगावरून गेलेले, तरी चिरा जागचा हललेला नाही. त्या बांधणाऱ्यांच्या नकाशात पक्षी नव्हते, दलदल नव्हती. नदीनं त्यांचं काम वापरून स्वतःचं एक काम करून घेतलं. मी कायम धरणाचं आयुष्य संपत आलं असं लिहायचो. पाणी साठवायचं त्याचं आयुष्य संपत आलं, हे बरोबरच आहे. पण मधल्या काळात ते धरणाचं तळं झालं होतं, आणि वहिनी चार वर्षं जे तळं दाखवा म्हणत होत्या ते घरापासून पाऊण तासावर होतं.

निघताना गाईड पोराला मी म्हणालो, ‘सायखेड्याला जे बोललो ते चुकलं.’ तो ओशाळला. म्हणाला, ‘काका, पूर तर आमच्याकडेही येतो.’

खरी कसोटी पुढे होती. आठवड्यानं चांदोरीला गेलो. थोरला भाऊ, दादा, ओट्यावर बसला होता, नव्या निवेदनाची वाट बघत. मसुदा मी लिहून देणार होतो. मी तो लिहिला नाही हे सांगितलं, आणि का ते सांगितलं. चांदोरीच्या वहिनी आतून ऐकत होत्या. दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘पुराच्या रात्री तू नाशकात होतास. आम्ही माळ्यावर होतो.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. थोड्या वेळानं खिशातून तो द्राक्षाच्या पेटीतला कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्रेचाळीस मिनिटांचा हिशेब त्यानं दोनदा वाचला. दादा सातवीपर्यंत शिकला, पण भागाकार त्याचा माझ्याहून पक्का. मग कागद उलटला आणि मागची यादी वाचू लागला. पाणवेलींपाशी बोट ठेवून थांबला. २०१९ ला पुलाला त्या कशा तटल्या होत्या आणि पाणी बाजूनं गल्लीत कसं फिरलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, मी नाही. पुलाच्या कुठल्या खांबापाशी आधी अडतं, कुठली बाभळीची रांग तोडायला हवी, हे त्यानं सांगायला सुरुवात केली. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागलो.

वहिनींनी चहा आणला. दादा म्हणाला, ‘निवेदन हेच लिही मग. मेच्या आत पाणवेली निघाल्या पाहिजेत.’ कप खाली ठेवून थोडं थांबला. ‘आणि ते पट्टेवाले हंस जायच्या आत आम्हा दोघांना एकदा घेऊन चल.’